सरांची हळद

सरकारी मदतीवर उभे राहिलेले छोटे उद्योग टिकतात का, यावर पीएच.डी. करणारे एक सर वसमतला आमच्या घरी नेमानं येतात. बायकोची हळद दळायची गिरणी हा त्यांच्या संशोधनातला एक नमुना. चहा नको म्हणतात आणि दोन कप पितात. जाताना अर्धं पोतं हळद विकत नेतात.

यंदा खप वाढला म्हणून बायको कर्ज काढून दुसरं यंत्र घ्यायला निघाली. मी विक्री गिऱ्हाईकवार मांडली, तर वाढ सगळी सरांचीच.

"सर, एवढ्या हळदीनं आंघोळ करून राहिले का?"

"काका, गिरणी बंद पडली तर माझा नमुना गळतो."

"मग तुमी तपासून काय राहिले? तुमचीच खरेदी?"

सर ओशाळले. उठून स्वयंपाकघरात गेले आणि बायकोला त्यांनी स्वतः खरं सांगितलं. तिनं यंत्र रद्द केलं. दोन दिवस ती जेवली नाही.

पुढच्या खेपेला सर आलेच. त्यांनी प्रश्नावली उघडून खाली मान घालून तिला विचारलं, "ताई, विस्तार का थांबवला?"

"तुमच्यामुळं."

सरांनी पेन कागदावर टेकवलं. मग म्हणाले, "बाजारातली मागणी घटली, असं लिहू का?"