सेनापतीच्या नावाची कोंबडी
व्हिनेगरमध्ये साखर उकळल्याचा वास आला की उटनूरचं आमचं स्वयंपाकघर आठवतं. अमेरिकेहून पहिल्यांदाच घरी आलेली धाकटी बहीण एका चिनी सेनापतीच्या नावाची कोंबडी करत होती. "त्या सेनापतीनं हे कदी खाल्लंच नाई, दादा. चीन सोडून गेलेल्या एका आचाऱ्यानं तिखट-आंबट केली होती, अमेरिकेत लोकाईनं साखर टाकली. आता मले तशीच आवडते." आई पुटपुटली, "कोंबडीत साखर काऊन वं?" बहीण अंघोळीला गेली तसं मी हसत हसत त्यात दोन चमचे तिखट आणि आमचा काळा मसाला ढवळला. जेवताना सगळ्यांनी बोटं चाटली. तिनं एकच घास घेतला. "तू बी तेच केलं, दादा," म्हणाली आणि वरणभात खाऊन उठली. आता येते तेव्हा आमचंच जेवण मुकाट जेवते. तिला तिकडे एकटीला आवडू लागलेली ती चव मी चाखूनही पाहिली नव्हती.