विहीणबाईंचा धुरा

आमच्या विहीणबाईंसारखी, कुठेही काहीही न शिकता सगळं बरोबर करणारी बाई अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात दुसरी सापडायची नाही, आणि हे मी कौतुकानं सांगते आहे असा कुणाचा समज होऊ नये. मी जळते त्यांच्यावर. गेली सहा वर्षं नेमानं जळते. लेकीची सासू म्हणून मान द्यावा लागतो, आल्या-गेल्याला साडी नेसवावी लागते, कुंकू लावावं लागतं, आणि कुंकू लावताना माझ्या मनात एकच चालू असतं, की या बाईच्या ब्लॉगवर काल किती माणसं येऊन गेली असतील.

हो, ब्लॉगच म्हणाले मी. आम्हा दोघींचेही आहेत, मी महागावात आणि त्या मुकुटबनला, आणि दोन्हींचा विषय एकच: वेबसाइट कशी मांडावी, ती डोळ्यांना कशी दिसावी. आपल्या भागात या विषयावर मराठीतून लिहिणाऱ्या बाया असून असून किती असणार, दोन. आणि त्या दोघी एकमेकींच्या विहिणी निघाव्यात, यात देवाला काय मजा वाटली कोण जाणे.

माझी तर सोळा वर्षं झाली. आमचा टायपिंगचा क्लास होता. मशीनी गेल्या, कॉम्प्युटर आले, तेव्हा यजमानांनी कोपऱ्यातला एक मला दिला. शिकवणारं कुणी नव्हतं. कुठल्याही पानावर उजवं बटण दाबलं की त्याच्या आतलं लिखाण उघडून दिसतं, एवढं एक कळलं. मग शेजारणीचा ब्लाउज उलटा करून शिवण बघावी तशी मी जगभराची पानं उलटी करून बघत बसले. शिकले ते लिहीत गेले. जाहिराती घेतल्या नाहीत, कुणाच्या फुकटच्या जागेत राहिले नाही. नाव स्वतःचं, जागा पैसे मोजून घेतलेली. ब्लॉगला नाव दिलं ‘संकेतस्थळ रचना : तत्त्व आणि व्यवहार’. आता हसा. तेव्हा मला ते फार भारदस्त वाटलं होतं. इंग्रजी शब्दांना मराठी शब्द देण्याची तर भारी हौस. मेन्यूला मी ‘दिशादर्शिका’ म्हटलं, मजकुराभोवती मोकळी सोडतात त्या जागेला ‘समास’ म्हटलं, आणखी दीडएकशे शब्द घडवले. एकही चालला नाही. मधे ज्या कंपनीकडे ब्लॉग ठेवला होता तीच बंद पडली, आणि पहिल्या सात वर्षांचं लिखाण तिच्याबरोबर गेलं. मी त्याची प्रत ठेवली नव्हती. दुसऱ्यांना प्रत ठेवा म्हणून सांगणारे तीन लेख लिहिले होते. तेही त्यातच गेले.

आणि विहीणबाई? लेकीचं लग्न झालं तेव्हा त्यांचा संबंध कापसाशी, तुरीशी आणि गोठ्याशी. माझ्या लेकीनं, माझ्याच पोटच्या पोरीनं, एका उन्हाळ्यात त्यांना लॅपटॉप दाखवला, आणि दिवाळीपर्यंत बाईंचा ब्लॉग सुरू. नाव काय, तर ‘मशागत’. एकच शब्द. मी दोन दिवस तोंडात घोळवून बघितला, काही खोट निघते का म्हणून. निघाली नाही.

त्यांच्या एकेक तऱ्हा सांगायला लागले तर चहा गार होईल. माउस त्यांना चालत नाही, हातात धरल्यावर तो सुळसुळतो म्हणतात. सगळं कळफलकावर, आणि तेही दोन बोटांनी. नवीन पान केलं की भर दुपारी शेतात जायचं, फोन ढेकळावर ठेवायचा आणि डोक्यावर पदर घेऊन उभ्यानं वाचायचं. दिसलं तर पास, नाही तर अक्षर वाढव. फोन वाकून उचलायची वेळ आली तर ते पान नापास. रविवारी त्यांच्या गावचा बाजार, म्हणून रविवारी ब्लॉग बंद. बंद म्हणजे खरंच बंद. उघडायला गेलं की एकच ओळ, ‘आज बाजार आहे, उद्या या.’ मी लेकीला म्हटलं, अगं, इंटरनेटला कसला बाजार, त्यांना समजावून सांग. ती म्हणाली, आई, सोमवारी दुप्पट लोक येतात.

पण मला खरं झोंबलं ते त्यांचं हरवलेलं पान. चुकीच्या पत्त्यावर गेलं की ‘पान सापडले नाही’ असं येतं, ते सगळ्यांना माहीत आहे. विहीणबाईंनी तिथं लिहिलं, ‘तुम्ही वाट चुकलात. घाबरू नका, मला फोन करा,’ आणि खाली नंबर. लोक करतात फोन! कुणी नागपूरहून, कुणी कोल्हापूरहून, मुद्दाम वाट चुकून. बाई शेतात तण निंदणाऱ्या बायांच्या मागं उभं राहून त्यांना रस्ता सांगतात, वर जेवण झालं का विचारतात. माझ्या सोळा वर्षांच्या ब्लॉगवर येत नाहीत तेवढी माणसं या बाईच्या नसलेल्या पानावर येतात. आता सांगा, जळू नको तर काय करू?

एकदा त्या महागावला आल्या होत्या. मी माझं पहिलं पान नव्यानं केलं होतं, वर सरकत्या फोटोंची पट्टी, एक गेला की दुसरा, दुसरा गेला की तिसरा. आठ दिवस खपले होते त्यावर. दाखवलं. त्यांनी चष्मा लावून बघितलं, बराच वेळ बघितलं, मग माझ्याकडे काळजीनं बघत म्हणाल्या, “इहीनबाई, हे फोटो काहून पळून राह्यले? कोनी मांगं लागलं का त्याइच्या?” मी हसले. दुसऱ्या आठवड्यात पट्टी काढून टाकली, आणि लेकीला सांगितलं की तांत्रिक अडचण आली.

हे सगळं मी गिळलं. गिळता आला नाही तो धुरा.

झालं असं, की दोन वर्षांमागं त्यांनी एक लेख लिहिला, मजकुराभोवतीच्या मोकळ्या जागेवर. माझा ‘समास’. त्यांनी लिहिलं, याला धुरा म्हणा. दोन वावरांच्या मधे जी पट्टी न पेरता सोडतात, तो धुरा. नवशिक्याला वाटतं जागा वाया गेली, नांगराचा एक तास तिथंही ओढावा. पण बैल वळतात ते धुऱ्यावर, आणि दुपारी शिदोरी सोडून माणूस बसतो तेही धुऱ्यावरच. ज्या पानाला धुरा नाही, त्या पानावर वाचणाऱ्यानं बसावं कुठं? आणि शेवटी एक ओळ, ‘हा शब्द घरचाच आहे.’

वाचून मी फोन पालथा ठेवला. घरचाच आहे म्हणे! केवढा तो तोरा. आणि तरी खरं सांगू, त्या शब्दापुढं माझे दीडशे शब्द पालापाचोळा होते. मी पण शेतकऱ्याघरचीच ना, बांधावर वाढलेली. मला का नाही सुचला? महिन्याभरात वेबसाइटा करणारी पोरं आपसांत ‘धुरा वाढव, धुरा कमी कर’ बोलायला लागली. माझ्या एका जुन्या वाचकानं मला पत्र लिहून कळवलं की हा शब्द वापरून बघा, फार सोपा आहे.

तेव्हापासून माझं लिहिणं आटलं. यंदा ब्लॉगचं नाव वर्षभरासाठी पुन्हा नोंदवायची वेळ आली, तशी मी ठरवलं, की नाही नोंदवायचं. मुदत संपली की नाव आपोआप पुसलं जातं. सांगायला नको, निरोप नको. आठ दिवस उरले होते. मी घरात कुणाला बोलले नाही.

त्यातच यवतमाळच्या एका कॉलेजातल्या सरांचा फोन आला. मराठी वेबसाइटांवर मुलांशी बोलायला कुणीतरी हवं होतं. मी पदर नीट केला, फोनवर असूनसुद्धा. सर म्हणाले, तुम्ही त्या ‘मशागत’वाल्या ताईंच्या नात्यातल्या ना? त्यांचा फोन लागत नाही आहे, तेवढा निरोप द्याल का?

दिला निरोप. तर बाईंनी हट्ट धरला, “तुमी नसान तं मी नाही जात.” मला वाटलं, मुद्दाम. माझ्यासमोर मिरवायचं आहे. तरी गेले, ठेवणीतली निळी साडी नेसून गेले, कारण नाही गेले असते तर लेकीला कळलं असतं की आई जळते. विहीणबाई मुकुटबनहून वणीमार्गे आल्या, मी महागावहून. स्टँडवर भेटल्या तेव्हा त्यांच्या काखेत कापडी पिशवी होती, जड. मी धरू लागले तर दिली नाही.

कॉलेजात मी मागच्या बाकावर बसले. बाईंनी माइक बाजूला सारला, तसं बोलू लागल्या आणि दहा मिनिटांत पोरांना हसवून सोडलं. मग एका मुलीनं विचारलं, धुरा शब्द तुम्हाला कसा सुचला. मी खिडकीतून बाहेर बघू लागले.

“मले नाही सुचला,” विहीणबाई म्हणाल्या. “माह्या इहीनबाईचा हाय तो. त्या बसल्या ना तिथं, निळ्या साडीतल्या.”

सगळी डोकी मागं वळली. मला आधी रागच आला. भरल्या सभेत ही कसली थट्टा? पण त्यांनी पिशवीतून एक जाडजूड बाड काढलं, गोधडीच्या दोऱ्यानं शिवलेलं, आणि पोरांना गोष्ट सांगितली. नऊ वर्षांमागं सोयरिकीची बोलणी चालली होती. आपल्याकडे पोरीच्या घरची चौकशी करतात, मामाला विचार, शेजारी विचार, तसं. बाई म्हणाल्या, लोकांचं काय, लोक गोडच सांगतात. पोरीची आई काहीतरी लिहिते असं कळलं होतं, तर त्यांनी मुलाला वणीला पाठवून माझा सगळाच्या सगळा ब्लॉग कागदावर छापून आणवला, आणि दोन महिने गोठ्यात बसून वाचला. समजलं किती? चार आणे, म्हणाल्या. पण एका ठिकाणी ‘समास म्हणजे आपल्या शेताचा धुराच समजा’ अशी ओळ आली, आणि त्यांनी घरात सांगून टाकलं की पोरगी करायची.

चहाच्या वेळी मी ते बाड मांडीवर घेतलं. होती ओळ. माझीच. आणि ती बघितल्याबरोबर पुढचंही आठवलं, जे मी इतकी वर्षं आठवू दिलं नव्हतं. तो लेख तेव्हा ताजाच होता, आणि तो आल्यावर महिन्याभरानं कुणा शिकलेल्या वाचकाचं पत्र आलं होतं, की विषय चांगला, पण असे खेडवळ शब्द शोभत नाहीत. मी त्याच दुपारी ती ओळ खोडली. पुसलं तेही इतकं स्वच्छ, की माझ्या डोक्यातूनसुद्धा पुसलं गेलं. आणि दोन वर्षं मी त्याच शब्दापायी या बाईवर जळत होते.

“नऊ वर्षांत एका शब्दानं बोलला नाहीत,” मी म्हटलं.

“मले वाटलं तुमाले ठाऊकच हाय. लेखात लिवलं ना मी, घरचा शब्द हाय म्हनून. तुमी घरच्या नाही का?”

मी पानं उलटत राहिले. हरवलेली सातही वर्षं होती, एक ओळ कमी नाही. म्हटलं, हे मला द्या, मी परत चढवते सगळं.

त्यांनी बाड माझ्या मांडीवरून उचललं, पिशवीत घातलं आणि पिशवी काखेत मारली. “नाही देत. तुमी पुसता.”

घरी आल्यावर मी ब्लॉगचं नाव नोंदवलं. तत्त्व, व्यवहार सगळं तसंच राहू दिलं. या वयात कुठं नाव बदलू. फक्त ‘समास’ होता तिथं तिथं ‘धुरा’ लिहिलं. वाचक वाढले नाहीत. रविवारी मात्र सवयीनं मी विहीणबाईंचं पान उघडून बघते, बाजाराची ओळ येते, आणि बरं वाटतं की निदान आजच्या दिवस आम्ही बरोबरीत आहोत.

आता माझंच जुनं लिखाण वाचायचं म्हटलं की यवतमाळ, वणी अशा दोन गाड्या बदलून मुकुटबन गाठावं लागतं. लेकीला वाटतं आई तिच्यासाठी येते, वाटू द्यावं. विहीणबाई हात धुऊन बाड आणतात, ओसरीवर ठेवतात आणि मी वाचत असेपर्यंत शेजारी शेंगा सोलत बसतात, डोळा माझ्या हाताकडं. मागच्या खेपेला माझं शिवणीकडं लक्ष गेलं. पाचशेच्या वर कागद असतील, आणि दोरा घालताना बाईंनी प्रत्येक टाका कडेच्या कोऱ्या पट्टीतून नेला आहे. धुऱ्यातून. माझ्या एकाही अक्षराला सुई लागलेली नाही.

हेही मला सुचलं नसतं.