डाव दिसतोय, नाव न्हाई

दुपारची गोळी घेतली, की वैजयंताच्या डोळ्यांवर झापड येते. आजही ती सोप्यात सतरंजीवर कलंडली आहे. बाहेर तिचा नवरा, सर्जेराव, म्हशीला पाणी दाखवतोय. बादलीचा आवाज लांब लांब जातोय. उद्या गावात कुस्त्यांचं मैदान आहे. सोळा वर्षं तिथल्या निवेदनाचा माईक वैजयंताच्याच हातात. पण दोन वर्षांमागं तिला फिट आली. गोळ्या सुरू झाल्या, फिट थांबल्या, आणि शब्द हरवू लागले. गेल्या खेपेला ऐन कुस्तीत ती पैलवानाचं नाव विसरली. सकाळीच कमिटीची माणसं येऊन गेली. "ताई, यंदा जरा विश्रांती घ्या." तिनं मान खाली घातली.

बादली वाजायची थांबते. वैजयंता दवाखान्याच्या बाकावर बसली आहे. रांगेत लंगोट लावलेले पैलवान, हातात केसपेपर, अंगाला तांबडी माती. शेवटी आबा. तिचे वडील, तालमीचे वस्ताद. त्यांना जाऊन चार वर्षं झाली.

"आबा, तुम्ही कुणाला दाखवायला आलाय?"

"मैदान भरलंय. ऊठ."

ती उठते तर पायाखाली फरशी नाही, माती आहे. हातात माईक. समोर एका पैलवानानं दुसऱ्याला पाठीवर घेतलंय.

"सांग, कुठला डाव?"

शब्द जिभेच्या शेंड्यावर येतो आणि मागं फिरतो. हजार माणसं वाट बघतायत.

"त्यो... आबा, त्यो..."

"माईक दे हिकडं. नाव येत न्हाई त्यानं बोलू नये."

जिवंतपणीही आबा हेच म्हणायचे. तेव्हा ती मान खाली घालायची.

"देत न्हाई," वैजयंता म्हणते. "नाव येत न्हाई, पण डाव दिसतोय मला!" आणि माईक तोंडाशी नेते. "अरारारा! धोब्यानं ओलं धुणं पाठीवरनं दगडावर हाणावं, तसा हाणला बघा!"

मैदान उठून उभं राहतं.

"धोबीपछाड म्हणत्यात त्याला," आबा म्हणतात.

"ज्यानं पयल्यांदा बघितला, त्याला कुणी सांगितलं हुतं नाव? त्यानं बी धोबीच बघितला असंल."

आबा हसत नाहीत. "गोळी टाकून दे. शब्द येतील माघारी."

"गोळी बी सोडत न्हाई आन् माईक बी सोडत न्हाई. फिट येऊन मातीत पडले, तर बोलंल कोण?"

आबा माईकला हात घालतात. पकड तीच, लोखंडाची. ती पाय रोवते, दात आवळून ओढते. आबा तिच्याकडं बघतात, तोडीच्या पैलवानाकडं बघावं तसं. असं त्यांनी तिच्याकडं कधीच बघितलं नव्हतं.

डोळे उघडतात. सर्जेराव चहा घेऊन उभा. तिची उजवी मूठ उघडत नाही. एकेक बोट सोडवावं लागतं. तळव्यात नखांच्या चार कोरी उमटल्यात, एकीत रक्त.

"हाताला काय गं झालं?"

"आबा आलते. आमची..." रोजच्या बोलण्यातला शब्द, तोही येत नाही. ती थांबते, पण मान खाली घालत नाही. "आमची ओढाओढ झाली माईकसाठी. मी सोडला न्हाई."

सर्जेराव कप खाली ठेवतो.

"कमिटीला फोन लावा," ती म्हणते. "मी बोलते."