कॅथीड्रलला पत्रकांचे टेकू

आमच्या घरात देवघर नव्हतं. त्या जागी पत्रकांचे गठ्ठे होते. वडील शाळेत मास्तर होते आणि उरलेल्या वेळात जग सुधारत होते. जग ऐकत नसल्यामुळे पत्रकं उरत आणि घरी परत येत. मी वाचायला शिकले ती त्यांच्यावरच. 'कमळ' लिहिता येण्याआधी मला 'धिक्कार' लिहिता येत होतं.

अशा घरात मामाने कॅथीड्रल आणलं. मामा मालवाहू बोटीवर खलाशी होता. जर्मनीच्या कुठल्याशा बंदरातून त्याने माझ्यासाठी जाड छापील कागदांचा संच आणला. कापा, दुमडा, चिकटवा, की युरोपातलं टोकदार कमानींचं जुनं, अवाढव्य चर्च टेबलावर उभं. सूचना सगळ्या जर्मनमध्ये.

"देऊळच ना हे?" वडील म्हणाले. "गोऱ्यांचं असलं म्हणून काय झालं?"

मी अकरावीत होते आणि त्यांच्याच तालमीत वाढलेली. हे देऊळ नाही, अनामिक पाथरवटांच्या श्रमाचं स्मारक आहे, असं मी त्यांना ऐकवलं. गणपतीनंतर वडिलांचं मंडळ वाचनालयात श्रम आणि विज्ञान यांवर प्रदर्शन भरवणार होतं. माझं कॅथीड्रल तिथे मांडायचं, हे मी ठरवूनच टाकलं. मी केलेली एखादी गोष्ट लोक पहिल्यांदाच बघणार होते. वडिलांनी अट घातली: क्रूस बसवायचा नाही.

क्रूस गेला. मग आमची नजर भिंतींबाहेरच्या अर्ध्या कमानींवर पडली. भिंतीपासून सुटून हवेतून खाली खांबांवर उतरणाऱ्या, दोन्ही बाजूंना ओळीने. त्यांच्यावर छप्पर नाही, खाली सावली नाही.

"निव्वळ मिरवणं," वडील म्हणाले. "लोक उपाशी, आणि बिशपला नक्षी हवी."

मला पटलं. तत्त्व म्हणून आम्ही कमानी गाळल्या आणि ते कागद बंबात घातले. इतक्या शतकांत युरोपात कुणाला न सुचलेली सुधारणा रत्नागिरीत एका दुपारी झाली.

छप्पर बसवलं आणि श्रावणाच्या दमट हवेत भिंती फुगायला लागल्या. आठवडाभरात कॅथीड्रल पोट सुटलेल्या सावकारासारखं दिसू लागलं. वडिलांनी फुगलेली भिंत बाहेरून तळहाताने दाबून धरली, तशी ती सरळ झाली.

"अगं, ते टेकू होते," शेवटी ते म्हणाले, जणू बिशपनेच ही बातमी आमच्यापासून दाबून ठेवली होती.

आता नवे टेकू कशाचे करणार? घरात एकच कागद मुबलक होता. आम्ही पत्रकांचे थर खळीने एकमेकांवर चिकटवले, चुलीशी वाळवले आणि कमानी कापल्या. भिंती सरळ झाल्या. एका कमानीवर 'ईश्वर ही भीतीची निर्मिती' हे शब्द स्वच्छ दिसत होते. चर्चला सावरून धरण्याची कामगिरी त्यांच्याकडे आली होती, आणि ते ती चोख बजावत होते.

गणपती चार दिवसांवर आले असताना शेजारच्या काकू आल्या. काका मुंबईला गिरणीत होते. दरवर्षी गणपतीला येताना ते मखर घेऊन येत. यंदा गिरण्यांचा संप होता आणि काका रिकाम्या हाताने आले होते.

"मास्तर," काकू दारातूनच म्हणाल्या, "आमच्याकडे देव येतोय नि मखर नाय. तुमच्याकडे मखर आहे नि देव नाय."

"ते मखर नाही, काकू. श्रमाचं स्मारक आहे," मी म्हटलं.

"असूंदे गो बाय. आमच्या माणसानं काय कमी श्रम केलेत?"

वडिलांनी घसा साफ केला. "वहिनी, तुम्हाला ठाऊक आहे, देवाच्या कामाला आम्ही…"

"तुम्हीच ना कागद वाटलात? संपवाल्यांच्या घरांना लागेल ती मदत करा म्हणून? आमच्या दारात पण टाकलात. आम्हाला ही मदत लागते."

वडिलांचं पत्रक वाचून कुणीतरी काहीतरी करायला निघाल्याचं मी पहिल्यांदाच पाहत होते. वडिलांनाही त्याची सवय नव्हती.

मला समई दिसत होती, धूप दिसत होता, गर्दीतली कोपरं दिसत होती. माझं प्रदर्शन गुलालात मिळणार होतं.

"बाबा, तत्त्वाचं काय?"

"दोन आहेत," ते म्हणाले. "कुठलं ते तू सांग."

मी एका बाजूने हात घातला. कॅथीड्रल आम्ही दोघांनीच उचलून नेलं.

काकांनी ते मूर्तीच्या मागे ठेवलं. कॅथीड्रलच्या दर्शनी भिंतीतली गोल खिडकी नेमकी गणपतीच्या मस्तकामागे आली. असलं मखर मुंबईत पण नाय, असं वाडीचं मत पडलं. वडील पाचही दिवस आरतीच्या वेळी अंगणात उभे राहिले, हात पाठीमागे बांधून. टाळी नाही, की शब्द नाही. फक्त मधूनच ओरडायचे, "समई लांब घ्या! डावा टेकू बघा!"

मंडळातल्या एकाने रस्त्यावरून हाक मारली, "काय मास्तर, आरतीला?"

"टेकू बघायला," वडील म्हणाले.

विसर्जनानंतर कॅथीड्रल परत आलं. शिखरावर गुलाल, छपरावर काजळी, आणि काकूंनी प्रत्येक टेकूला हळदकुंकू लावलेलं. 'ईश्वर ही भीतीची निर्मिती' यालाही. मी ओलं फडकं घेतलं.

"राहू दे," वडील म्हणाले. "खळ सुटेल."

प्रदर्शनात ते तसंच गेलं. मंडळाचे लोक आले, कुंकवाकडे पाहून खाकरले आणि पुढच्या तक्त्याकडे सरकले. गिरणीत राबलेला माणूस त्या दिवशी एकच आला. काकांनी चपला बाहेर काढल्या, आत येऊन मी लिहिलेली 'अनामिक श्रमिकांना' ही पाटी सावकाश वाचली, आणि माझ्या श्रमाच्या स्मारकाला हात जोडले.

मी वडिलांकडे पाहिलं. ते टेकू तपासत होते.