टेनिसवाल्यांची अंगलट आणि माझी उंची

आमच्या वडिलांना, म्हणजे अण्णांना, टेनिसमधलं काही म्हणजे काही कळत नव्हतं. पंधरानंतर तीस, आणि तीसनंतर एकदम चाळीस कसे, हे मी त्यांना कितीदा तरी समजावलं असेल. ते हात झटकायचे. "आकडं ऱ्हाऊ दे गं. मांडी बघ त्याची, मांडी."

महाळुंगे पडवळमध्ये आमचं घर. पंचक्रोशीत अण्णांचं नाव होतं ते बैलांच्या पारखीसाठी. यात्रेतल्या बैलगाडा शर्यतीला कुणाला खोंड घ्यायचा असला, की लोक आधी अण्णांना जीपमध्ये घालून न्यायचे. ते खोंडाभोवती एक चक्कर मारत, खूर बघत, छातीवरून हात फिरवत आणि मग एखादंच वाक्य बोलत. सौदा त्या वाक्यावर ठरायचा, नाहीतर मोडायचा.

नव्वदच्या पुढे घरात रंगीत टीव्ही आला आणि हीच नजर टेनिसवर पडली. बटाट्याच्या लागवडीच्या दिवसांत, संध्याकाळी, विलायतेतल्या हिरवळीवरचे शेवटचे सामने दाखवायचे. चिखलाचे पाय धुऊन अण्णा समोर बसत. खेळाडू मैदानात शिरले रे शिरले, की कोण जिंकणार याचा अण्णांचा निकाल तयार असे. निम्म्या वेळा तो चुकायचा, पण अण्णा हार मानणाऱ्यांतले नव्हते. "चुकलो नाय. त्यो आज नीट पळाला नाय," म्हणायचे.

त्यांची खरी चंगळ व्हायची ती तिकडे पाऊस पडला की. खेळ थांबायचा आणि वेळ काढायला टीव्हीवाले पूर्वीच्या विजेत्यांचे सामने लावायचे. लाकडी रॅकेटी, पांढऱ्या लांब विजारी, आणि आत चक्क लहानखुरी माणसं. अण्णा हरखून जायचे. "आरं, ह्यो तर आपल्या तलाठ्याएवढाच हाय की!" एकाचा खेळायचा हात दुसऱ्यापेक्षा चांगलाच जाड दिसला, तेव्हा म्हणाले, "एकाच बाजूला जुंपलेल्या बैलावानी भरलाय बघ." पुढे पुढे विजेते उंच होत गेले. बायकासुद्धा. जुन्या चित्रांतल्या घोळदार झग्यांतल्या त्या लहान चणीच्या बायका कुठे, आणि या नव्या, रुंद खांद्यांच्या, चेंडू वर फेकून त्याच्यामागे स्वतःही उंचावणाऱ्या बायका कुठे. अशी एखादी लांबसडक बाई आली की अण्णा पुढे सरकून बसत. "काय उभारी हाय! दिष्ट लागंल."

मी मागे दारात उभी असायची. दहावीतच मी अण्णांपेक्षा उंच झाले होते. घरात फळीवरचा डबा काढायला मी, आणि लग्नाच्या फोटोत मागे उभी राहायला मी. आई मला बघून उसासे टाकायची आणि शेजारणी तिला साथ द्यायच्या. अण्णा मात्र माझ्या उंचीबद्दल कधी चांगलं बोलले नाहीत की वाईट. मला वाटायचं, एकदा तरी या माणसाने मान वळवावी, आणि त्या बायकांकडे बघतो तसं माझ्याकडे बघावं. ही गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. सांगणार तरी काय?

माझं बी.ए. झालं आणि येडगावचं एक स्थळ आलं. मुलगा चाकणला कंपनीत होता. बोलायला मोकळा, हसरा. मला आवडला, हे सांगूनच टाकते. पोहे झाले, चहा झाला आणि मुलाची मावशी म्हणाली, "जरा दोघास्नी पाठीला पाठ लावून उभं करा की. म्हंजी डोळ्याला दिसंल."

आमच्याकडे ही रीतच होती, आणि आईने माझ्याकडून तिची तयारी करून घेतली होती. साडी घोळदार नेसवली होती. आत गुडघे जरासे मोडायचे, कुणाला कळत नाही, असं तिने चुलीपुढे दोनदा उभं करून शिकवलं होतं. मी गुडघे मोडले. मावशीने दोघांच्या डोक्यांवर तळहात आडवा ठेवला, मान तिरकी करून बघितलं आणि म्हणाली, "बराबर हाय. जोडा शोभतोय."

आईचा चेहरा उजळला. तेवढ्यात अण्णा बोलले. "पोरी, नीट उभी ऱ्हा."

आवाज चढलेला नव्हता. साडीच्या निऱ्यांतून त्या माणसाला माझे गुडघे दिसले होते. मी सरळ झाले. मावशीचा तळहात माझ्या बाजूने वर उचलला गेला. मुलगा वळला, त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि बिचारा हसला. मला खरं सांगायचं तर त्या क्षणी स्थळाचं काही वाटलंच नाही. अण्णांनी मला सर्वांदेखत सरळ उभं केलं, याचाच इतका आनंद झाला की मी चहाचे कप गोळा करायलासुद्धा ताठ चालत गेले.

दोन दिवसांनी मध्यस्थ आला. पत्रिका जुळत नाही म्हणाला. तो जाताच आई अण्णांवर तुटून पडली. "जमलेलं व्हतं वो! काय गरज व्हती तुमाला?"

"बैल इकताना म्या कदी खोट झाकली नाय," अण्णा म्हणाले, "मग पोरीची झाकू?"

मी आत भांडी लावत होते. ते मी ऐकलं. दोन दिवस मी उगाच मिरवत होते तर! संध्याकाळपर्यंत कसाबसा राग आवरला. अण्णा गोठ्यात कडबा तोडत होते, तिथे गेले.

"अण्णा, माझी उंची ही खोट आहे का?"

त्यांचा कोयता थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पायांपासून सुरुवात करून सावकाश वर, खांद्यांपर्यंत, मग तोंडाकडे. असं त्यांनी मला पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

"तुझ्यावानी उभारी म्या टीव्हीवरबी बघितली नाय," ते म्हणाले. "पर मी नुसता बघणारा हाय, पोरी. घेणारं दुसरं असत्यात."

एवढं बोलून ते पुन्हा कडबा तोडू लागले. मला आनंद झाला नाही असं कसं म्हणू? झाला. पण त्याच्या मागोमाग असं रडू फुटलं की मी पदर तोंडात धरला आणि गव्हाणीला टेकून उभी राहिले. अण्णांनी मान वर केली नाही. मी थांबेपर्यंत ते तोडतच राहिले, लागणार होता त्याहून कितीतरी जास्त.