अंगठ्यानं केलेलं निदान

माझ्या मुलाला जिना चढताना दम लागतो. घरात सगळे म्हणतात, त्यानं स्वतःच दुर्लक्ष केलं. तसं नाही. त्याला मी थांबवलं. तो हे कधी सांगणार नाही, म्हणून मी लिहून ठेवतो आहे.

वडिलांपर्यंत आमच्याकडे मेंढरं होती. पुढं आमच्या गावी, निमोण्यात, शेती आली, तरी माझ्या हाताची सवय राहिली. शिरूरच्या बाजारात मेंढरू घेताना मी शेवटच्या बरगडीमागं कण्यावर अंगठा दाबायचो. हाड लागलं तर जनावर रोड, अंगठा रुतला तर अंगात चरबी. लोक मला मुद्दाम सोबत न्यायचे.

मुलगा कुरकुंभला केमिकल कंपनीत आहे, राहायला दौंडला. पाळीची ड्युटी, काम खुर्चीत बसून स्क्रीन बघायचं. पहिल्यापासून सडपातळ. दोन वर्षांपूर्वी कंपनीच्या तपासणीत साखर वाढलेली निघाली. दौंडच्या डॉक्टरांनी गोळी दिली, चालायला आणि पायांचे व्यायाम करायला सांगितलं. दिवाळीला गावी आला तेव्हा ओसरीवर आम्ही दोघंच होतो. त्यानं हे सांगितलं आणि मी त्याचा सदरा वर करून पाठीवर अंगठा दाबला.

"आबा, मी काय मेंढरू हाय का?"

"मेंढराच्या अंगावर लोकर तरी आस्ती. निस्ती हाडं लागत्यात. चरबी कुठं हाय तुला? साखर जाड्यांना हुती."

"डॉक्टर म्हणाले, गोळी घ्याच."

"हात तरी लावला का त्यांनी? एकदा गोळी लागली की सुटत न्हाई. बायकूला म्हण, साखर उतरली."

तो हसला. गोळी बंद झाली, चालणंही.

यंदा त्याची कंबर धरली. स्कॅन काढला, तेव्हा मी दौंडलाच होतो, सून आणि मी सोबत गेलो. डॉक्टरांनी चित्र दाखवलं. काळपट मांसात पांढऱ्या रेघा होत्या.

"ही चरबी," ते म्हणाले. "कातडीखाली नाही, स्नायूंच्या आत. हाताला लागत नाही, काट्यावर कळत नाही. बारीक माणसातही असते. बैठं काम असलं की साठते. मग स्नायू साखर नीट ओढून घेत नाहीत, ताकद घटते, हृदयाचा धोकाही वाढतो."

दावणीला बांधून खाऊ घातलेला मेंढा कापला की मांसात असेच पांढरे धागे दिसतात. पाठीवरून ते कळत नाहीत. हे मी कितीदा तरी पाहिलं होतं.

"गोळी का बंद केलीत?" डॉक्टरांनी विचारलं.

"आळस, साहेब," मुलगा म्हणाला.

मी शेजारीच बसलो होतो. बोललो नाही. बाहेर आल्यावर सून त्याच्यावर उखडली, तेव्हाही नाही.

मी दौंडलाच राहिलो. काल ती मेथी निवडत बसली होती, तेव्हा तिला सगळं सांगितलं. तिचे हात थांबले.

"स्कॅन झाल्यापासून मी त्यांना खोटारडे म्हणते, आबा. आन् तुम्ही समोर बसून भाकरी खाता."

"चुकलं, पोरी."

"मला नका म्हणू. त्यांना म्हणा."

सोमवारी हृदयाची तपासणी आहे. गोळी वेळेवर घेतली आणि व्यायाम नेटानं केला तर साखर आणि पाय सावरतील, असं डॉक्टर म्हणतात. हृदयाचं मात्र तपासल्याशिवाय काही बोलत नाहीत. मुलगा आता सकाळी चालायला जातो. जरा उशीर झाला की मी खाली रस्त्यावर जाऊन उभा राहतो. लांबून कुणी सावकाश येताना दिसलं की पुढं जाऊन तोच का ते बघतो.

आज तो आला तेव्हा मी फाटकातच म्हणालो, "तवा मी तुला आडवलं. माझ्यामुळं झालं हे."

त्याचा हात फाटकावर होता. कपाळ घामानं भिजलेलं.

"आबा, आधी बसू द्या," तो म्हणाला.

पायरीवर बसला. मी उभाच राहिलो, त्याची धाप कधी ओसरते ते बघत.