रुमालाखालचा सौदा

माझ्या बायकोने, गौराने, मला फसवलं. आज माळ्यावरून तिची पत्र्याची ट्रंक काढली आणि गंजाच्या वासासरशी पंच्याहत्तर सालचं सोलापूरचं एसटी स्टँड डोळ्यांपुढं आलं.

तिला न विचारता मी तिची म्हैस विकली होती. लेकीचं लग्न उरकलेल्या वयात ती मंगळवेढ्याला, माहेरी निघाली होती. कायमची. मी गुरांच्या बाजारातला दलाल. आमच्यात भाव रुमालाखाली बोटं दाबून ठरतो आणि ठरेपर्यंत हात सोडायचा नसतो. स्टँडवर तिला थांब म्हणून ओरडून घसा बसल्यावर मी खांद्यावरचा रुमाल तिच्या हातावर टाकला आणि खालून बोटं घट्ट धरली.

"सोडा की, लोकं बघत्यात."

"आधी बोल, काय घेऊन थांबशील?"

"माझी म्हैस."

"दुसरी देतो, लई दुधाची."

"माझीच पायजे."

कंडक्टरने घंटी मारली. तिचा हात घामाने निसटू लागला.

"आणतो!" मी म्हणालो. गाडी तिच्याशिवाय गेली.

घरी जाताना ट्रंक मी उचलली. हलकी लागली म्हणून उघडली, तर आत काहीच नव्हतं. गौरा पदराआड हसत होती.

गौरा, तू खरंच जाणार होतीस का गं? इतकी वर्षं टाळलंस. हा बघ रुमाल. आज जबाब दिल्याशिवाय हात सोडणार नाही.